उत्तरात नसलेला डॉक्टर

तारांकित प्रश्न : सभागृहात काय बिघडलं?

सकाळ तशी चांगली चालली होती. त्या दिवशी प्रश्नोत्तराचा सगळा तास एकाच मंत्र्याच्या नावावर होता. परराष्ट्र खातं त्याच्याकडे आणि गृह खातंही त्याच्याकडेच, त्यामुळे एक पाय देशात आणि एक परदेशात ठेवून उभं राहायची कसरत त्याच्या अंगवळणी पडली होती. घंटा झाली तसा तो बाकाशी येऊन उभा राहिला. नंतर बसायची फुरसत त्याला मिळालीच नाही.

पहिला प्रश्न देशातला होता. विचारणारा विरोधी बाकांवरचा वकील. ह्या वकिलाच्या गावात भर वस्तीत तुरुंग आहे. तो गावाबाहेर हलवा, असं तो दर अधिवेशनात म्हणायचा, 'शक्य नाही' हे उत्तर दर अधिवेशनात ऐकायचा आणि मग सभागृह डोक्यावर घ्यायचा. आज मंत्री म्हणाला, "सरकार ह्याचा सकारात्मक विचार करत आहे."

"आभारी आहे," वकील म्हणाला आणि खाली बसला. थोड्या वेळाने उठून तो कँटीनमध्ये चहा प्यायला गेला.

वर अधिकाऱ्यांच्या सज्जात सभागृहाच्या शिस्तीचं काम बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि सोडून दिलं. माणूस कधीतरी आभारी असू शकतो.

मग पोलीसभरती झाली, व्हिसा झाला, पूरग्रस्तांची घरं झाली. खलाशांचा प्रश्न येईपर्यंत वकील जागेवर परतला होता. वादळात इंजिन बंद पडून एक बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली होती, आणि तिच्यावरचे खलाशी शेजारच्या देशात कैदेत होते. छापील उत्तर नेहमीचंच होतं : सरकार प्रयत्नशील आहे. छापील उत्तरानंतर सभासदाला तोंडी पुरवणी प्रश्न विचारता येतात. अट एकच. पुरवणी प्रश्न मंत्र्याच्या उत्तरातून निघाला पाहिजे. हवेतून काढलेला चालत नाही.

"त्यांची तब्येत कशी आहे, हे तरी मंत्र्यांना माहीत आहे काय?" वकिलाने विचारलं.

"त्यांच्या प्रकृतीची माहिती सरकारला नियमित मिळते," मंत्री म्हणाला.

वकील पुन्हा उभा राहिला. "माननीय मंत्र्यांनी आत्ताच सांगितलं, की तिसऱ्या देशाचा डॉक्टर खलाशांना तपासून आला. डॉक्टर आत गेला म्हणजे बोलणी झाली. मग आपल्या तुरुंगातल्या त्यांच्या माणसाच्या बदल्यात आपले खलाशी घरी येणार, हे खरं आहे काय? आणि असल्यास, कधी?"

प्रेक्षकांच्या गॅलरीत एक बाई ताडकन उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. ती बोटीच्या तांडेलाची बायको होती. त्या बोटीचा कप्तान म्हणजे तिचा नवरा. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी असल्यामुळे शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "सभासद महोदय, मंत्र्यांनी डॉक्टरचं नावसुद्धा काढलेलं नाही. कुठला डॉक्टर?"

वकील हातातली छापील उत्तराची प्रत उलटसुलट करायला लागला. मग सभागृह हसलं. मंत्र्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. डॉक्टर खरा होता, अदलाबदलही खरी होती आणि दोन्ही गोष्टी गुप्त होत्या.

लेखी उत्तर : सभागृह उठायच्या आत

बाईंनी उभी हयात सरकारी वकील म्हणून काढली होती. साक्षीदाराने पाल्हाळ लावलं की त्या मध्येच कापायच्या, म्हणून कोर्टात त्यांचं नाव कात्रीबाई पडलं होतं. निवृत्तीनंतर अध्यक्षांनी त्यांना सभागृहाच्या शिस्तीच्या कामासाठी बोलावून घेतलं. काम फार नसायचं. कोण कुणाला काय बोललं, ते असभ्य होतं की नुसतंच वाईट होतं, एवढं ठरवायचं.

मंत्र्याच्या दालनात त्या शिरल्या तेव्हा मंत्री येरझारा घालत होता आणि सचिव भिंतीजवळ उभे होते. सचिव म्हणजे खात्यातलं सर्वांत जुनं माणूस, ताकास तूर लागू न देणारं.

"बसा बाई. चहा?"

"चहा नंतर. आधी काय ते सांगा."

सांगितलं सचिवांनी. "पलीकडून फोन आला. ते म्हणतात, तुमच्या सरकारने मिरवण्यासाठी मुद्दाम फोडलं असेल, तर करार मोडला. पण एखाद्या माणसाने आपल्या डोक्याने केलं असेल, तर त्याचं नाव सांगा आणि त्याला दूर करा. आज सभागृह उठायच्या आत. तसं झालं तर उद्या सकाळी फाटक उघडेल. आणि जो चौकशी करेल त्याने स्वतः फाटकावर येऊन तोंडी सांगायचं. आमच्या कागदांवर त्यांचा विश्वास नाही."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"आम्ही चौघं. साहेब, मी, सागरी हद्दीचं काम पाहणाऱ्या अधिकारी मॅडम आणि साहेबांचे मेहुणे."

"पंतप्रधान?"

"परदेशात आहेत. अदलाबदल त्यांना माहीत आहे, पण डॉक्टरचं अजून कळवलेलं नाही."

सचिव फोन घ्यायला बाहेर गेले. मंत्र्याने आवाज उतरवला. "बाई, मी कुणावर बोट ठेवत नाही. पण त्या अधिकारी मुलीचा सख्खा भाऊ वकिलाच्या ऑफिसात काम करतो. मी काही म्हणत नाही हं."

"म्हणालात की," बाई उठत म्हणाल्या.

जिन्यात तांडेलाची बायको बसली होती. तिने बाईंचा पदर धरला नाही, पण वाट अडवली. "तुम्ही आतल्या दिसता. टाळ्या वाजवल्या, चुकलं माझं. पण येणार ना हो आमचे हे?"

"येणार असं कुणी सांगितलं?"

"त्या साहेबांनी विचारलं ना आत. एवढी मोठी माणसं उगाच विचारतात का?"

बाई पायऱ्या चढत गेल्या.

पहिली पुरवणी : तालीम म्हणजे काय?

"प्रश्नोत्तराच्या आदल्या दुपारी आमच्याकडे तालीम असते," सचिव म्हणाले. "टेबल भिंतीला लावायचं. साहेब एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. एकाने विरोधक व्हायचं आणि वाटेल ते विचारायचं. सभागृहात बसणारा मार आधीच घरी खाऊन घ्यायचा."

"काल वकील कोण झालं होतं?"

"मेहुणे. नक्कल छान करतात. तेवढं एक काम छान करतात."

"आणि डॉक्टर?"

"कालच्या तालमीत होता. तब्येतीचा प्रश्न आला की साहेबांनी डॉक्टर सांगायचा, असं ठरलं होतं. तेवढ्याला पलीकडची काल हरकत नव्हती. त्यावर मेहुण्यांनी विचारलं, मग घरी कधी येणार? ओघानेच आलं ते."

"सभागृहात मात्र नव्हता."

"सकाळी पलीकडून निरोप आला, डॉक्टरचं नाव काढू नका. मी ह्याच दालनात सांगितलं. चौघंही होतो. साहेब म्हणाले, आत्ता? मी म्हटलं, आत्ता. म्हणाले, प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकलता येईल? मी म्हटलं, यादी छापून वाटलीसुद्धा. तेवढ्यात घंटा झाली. साहेबांनी मोबाइल दारावर जमा केला आणि आत गेले."

"तुम्ही?"

"सज्जात. मध्ये एकदा गोळी घ्यायला खाली आलो. परतताना लिफ्टमध्ये वकील होते, कँटीनहून येत होते. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच."

"काय बोललात?"

"मी लिफ्टमध्ये बोलत नाही."

बाई उठल्या आणि दारात थांबल्या. "तुरुंगाचं उत्तरही तुमच्याच हातचं?"

"मी 'शक्य नाही' असं लिहिलं होतं. साहेबांनी बदललं. मंत्री आहेत. बदलू शकतात."

दुसरी पुरवणी : मेहुणा (ह्याला कापणं शक्य झालं नाही)

"मी? बाई, मी फोडीन? दाजींच्या जिवावर माझं घर चालतं. आमच्या ताईने शब्द टाकला म्हणून ही नोकरी."

"कँटीनमध्ये कुठे बसला होतात?"

"वकिलाच्याच टेबलावर! दुसरीकडे जागाच नव्हती हो. म्हटलं, राजकारण राजकारणाच्या जागी, चहा चहाच्या जागी."

"किती वेळ?"

"त्याचा चहा निवेपर्यंत. मी बोलतो ना जरा."

"कशाबद्दल?"

"दाजींच्या पाठदुखीबद्दल. कँटीनच्या बिस्किटांबद्दल, ती ओली असतात. ताईच्या नव्या पडद्यांबद्दल. तो हं हं करत होता. घड्याळ बघत होता."

"सकाळी डॉक्टर गाळला, हे त्याला बोललात?"

"छे! एक अक्षर नाही. हसता काय? मलाही नवल वाटतंय. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ताईपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर दाजी मला कामापुरतंच सांगतात. तालमीला वकील लागतो म्हणून हे कळलं, नाहीतर हेही कळलं नसतं. दाजी म्हणाले होते, हे घरी ताईला कळलं तर तुझी खुर्ची गेली. खुर्ची म्हटल्यावर तीळ भिजला, बाई."

"सकाळी दाजींनी तुम्हाला काही निरोप दिला? कुणाला सांग म्हणून?"

"मला? निरोप?" मेहुणा मनापासून हसला. "त्यापेक्षा भोंगा लावून गावभर गाडी फिरवतील."

तिसरी पुरवणी : भाऊ

अधिकारी मुलगी सरळ बसली होती. रडून झालेलं दिसत होतं, पण बाईंसमोर नाही.

"भाऊ आहे वकीलसाहेबांकडे," तिने विचारायच्या आधीच सांगितलं. "आम्ही एकाच घरात राहतो. ऑफिसचं बोलणं चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं, असा आईचा दंडक आहे. तुम्हाला खोटं वाटेल."

"मला काय वाटतं ते राहू दे. आज वकील भेटले होते?"

"कँटीनमध्ये. साहेबांची औषधं घेऊन मेहुणे तिथेच बसले होते, त्यांना बोलवायला गेले होते मी. वकीलसाहेबांनी विचारलं, भाऊ बरा आहे का? तो ह्या आठवड्यात कामावर गेलेलाच नाही, ताप आहे. मी म्हटलं, उतरतोय. बस्स."

"त्यांच्या अगदी शेजारी उभी होतीस?"

"त्यांच्या कानात बोलता आलं असतं इतकी." तिने स्वतःच मान हलवली. "आता हेच माझ्यावर उलटणार ना?"

"कालच्या तालमीत काही वेगळं आठवतं?"

"साहेबांना तालीम आवडत नाही. खुर्चीत रेलून उत्तरं देतात, कधी देतही नाहीत. काल मात्र डॉक्टरचं उत्तर त्यांनी उभं राहून दिलं. मग परत एकदा दिलं, टेबलावर हात ठेवून. मेहुण्यांना म्हणाले, तू पुढचा प्रश्न परत विचार. मला वाटलं, शेवटी ही माणसं सुटणार म्हणून साहेबांनाही भरून आलंय. मलाही येत होतं."

कामकाजातून काढून टाकलेले प्रश्न

(वकिलाच्या भेटीतले बाईंचे प्रश्न काढून टाकले आहेत. उत्तरं तेवढी राहिली.)

"या, कात्रीबाई. ह्या खुर्चीत बसा. त्या खुर्चीचा पाय हलतो."

"नाही सांगणार. सभागृहात मी काय विचारलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे मला कुणी विचारू शकत नाही. तुम्ही नाही आणि अध्यक्षही नाहीत."

"हो, 'आत्ताच सांगितलं' म्हणालो. गेलं तोंडातून."

"ऐकत नव्हतो, कबूल. उत्तर काय येणार हे ठाऊक असलं की माणूस ऐकत नाही. म्हणजे, अंदाज असतो."

"मेहुणा? त्याने माझा चहा बर्फ केला. पडदे, पडदे, पडदे. नाही, ह्याबद्दल चकार शब्द नाही."

"सचिव लिफ्टमध्ये बोलत नाहीत, हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

"ती मुलगी? भावाच्या तापाचं विचारलं मी. आणि हे बघा, तिच्या वाटेला जाऊ नका."

"कारण काही नाही. सांगतोय तेवढं ऐका."

"हो, चिडलोय! तोंडघशी कोण पडलं, मीच ना? अख्खं सभागृह हसलं. एक शब्द टाकायला काय झालं होतं? मी एवढा भरवसा ठेवून..."

"काही नाही. चहा घ्या."

"आभारी आहे म्हणालो, कारण आभारी होतो."

"तुरुंग हलेल तेव्हा हलेल. विचार चालू आहे म्हणतात. विचाराचं काय, आज चालू, उद्या बंद."

"बाई, कात्री म्यान करा आता."

मागे घेतलेला प्रश्न

बाई जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या राहिल्या. खाली तांडेलाची बायको अजून बसली होती. तिने डबा उघडला होता, पण खात नव्हती.

नाव तयार होतं. मंत्र्याने ते ताटात वाढूनच दिलं होतं : मुलगी, तिचा भाऊ, वकिलाचं ऑफिस. कुणालाही पटलं असतं. पलीकडच्यांनाही पटलं असतं. एक नाव घ्यायचं आणि उद्या सकाळी फाटक उघडणार. मुलगी तरुण आहे, कुठेतरी पोटाला लागेल. खलाशांना दुसरं फाटक नाही.

बाईंनी हा प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर येईपर्यंत थांबल्या असत्या तर ते आलंही असतं, म्हणून त्यांनी प्रश्न मागे घेतला आणि मंत्र्याच्या दाराकडे वळल्या.

उत्तर

"मिळालं नाव?" मंत्र्याने विचारलं.

"मिळालं. पण आधी रस्ता सांगते, मग मुक्काम."

"वेळ कमी आहे."

"म्हणून कमी बोलते. वकिलाने डॉक्टर आजच्या सभागृहातून आणला नाही, कालच्या तालमीतून आणला. त्याला प्रश्नही मिळाला होता आणि तुमचं उत्तरही. उत्तर ठाऊक होतं, म्हणून त्याने आज कान दिलाच नाही. दुसऱ्याच्या तोंडचा प्रश्न विचारणारा माणूस ही एकच चूक करतो. इथवर तुम्ही चौघंही सारखे."

"बरोबर. म्हणूनच ती मुलगी..."

"थांबा. सकाळी डॉक्टर गळला आणि तेही चौघांना कळलं. ज्याने वकिलाला पढवलं होतं, त्याला घाम फुटला असणार. वकिलाला गाठून सांगायला हवं, बाबा रे, डॉक्टर म्हणू नकोस. नाही सांगितलं तर वकील उघडा पडणार आणि त्याच्यामागून आपण. आता बघा. मेहुणे वकिलाच्या टेबलावर चहा निवेपर्यंत बसले होते. मुलगी कानाशी उभी होती. सचिव त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये होते, दोघंच. एक शब्द पुरला असता. तिघांपैकी एकानेही टाकला नाही, कारण टाकण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं."

मंत्र्याने टेबलावरची फाईल बंद केली.

"चौथा माणूस घंटेपासून बाकाशी उभा होता. सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत. मोबाइल दारावर. चिठ्ठी पाठवावी, तर मंत्र्याची चिठ्ठी विरोधकाकडे चालली हे शिपाई बघणार आणि अध्यक्षही बघणार. मेहुण्याकडून निरोप द्यावा, तर तो तुमच्या आधी ताईंना पोचणार. म्हणून तुम्ही सचिवांना विचारलंत, प्रश्न पुढे ढकलता येईल का."

"कुणीतरी वकिलाला मुद्दाम खड्ड्यात घातलं असेल."

"तसं असतं तर वकिलाने ते नाव माझ्या अंगावर फेकलं असतं. इतका तो चिडलाय. तरी गप्प आहे. ज्याच्यावर चिडलाय, त्याच्याकडून त्याला अजून काहीतरी यायचंय. तुरुंगाचा नुसता विचार चालू आहे, तुरुंग हललेला नाही. तो हलवणं तिघांपैकी कुणाच्या हातात आहे, सांगा."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा पीं पीं आवाज नको म्हणून मंत्र्याने खिडकी लावून घेतली.

"बोलणी मी केली," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून मी. पंतप्रधान परत आल्यावर विमानतळावर जाहीर करणार होते. फाटकावर हार घेऊन तेच उभे राहणार होते, आणि पुढच्या फेरबदलात मला घरी बसवणार होते. मी आपणहून सांगितलं असतं तर शब्द मोडला असता. विरोधकाने काढून घेतलं तर माझा काय दोष? सभागृहात खोटं बोलता येत नाही."

"म्हणजे बोलायचं तुम्ही, आणि बोलतं केलं म्हणायचं त्याने."

"अदलाबदल तर ठरलीच होती. मला वाटलं नव्हतं ते एवढे बिथरतील." त्याने खुर्ची ओढली आणि बसला. आता त्याचा आवाज कामाचा झाला होता. "बरं. झालं ते झालं. पण तुम्ही माझं नाव घेतलंत तर खलाशी तिकडेच राहतात. मंत्री म्हणजे सरकार. सरकारने फोडलं म्हणजे करार मोडला. मुलीचं नाव घेतलंत तर उद्या दुपारी ते घरी जेवतात. तिला मी दुसरीकडे लावून देईन, चांगल्या जागी. तुम्हीच ठरवा."

"त्यांची अट काय आहे? एखाद्या माणसाने आपल्या डोक्याने केलं असेल तर नाव सांगा आणि त्याला दूर करा."

"हो."

"मग तुम्ही माणूसच आहात की. खुर्चीत आहात तोवर सरकार. उठलात की माणूस."

मंत्री खुर्चीत मागे रेलला.

"आणि नाही उठलो तर?"

"तर मला जे सापडलं तेच मी फाटकावर सांगेन. मुलीचं नाव माझ्या तोंडून येणार नाही, आणि फाटक उघडणार नाही. मग खाली जिन्यात एक बाई बसली आहे, तिच्या प्रश्नाला उत्तर तुम्ही द्या. त्याची तालीम कुणी घेणार नाही."

मंत्री उठला. पण उठून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून. बाईंना काही कळेना. शेवटी त्या बाहेर आल्या आणि दार मागे उघडंच ठेवलं.

वैयक्तिक निवेदन

सभागृह उठायच्या बेतात होतं. मंत्री आत आला आणि आपल्या बाकापर्यंत न जाता मागच्या रांगेत उभा राहिला. अध्यक्षांनी त्याला बोलायची परवानगी दिली. वैयक्तिक निवेदनावर प्रश्न विचारता येत नाहीत, एवढी आठवणही दिली.

तो थोडकंच बोलला. सकाळच्या प्रश्नातली माहिती सभासदाला आपण दिली. सरकारला ह्याची कल्पना नव्हती, खात्यातल्या कुणालाही नव्हती. लोभ आपला होता. राजीनामा दिलेला आहे.

वकील बूट बघत बसला होता. बाईंनी सज्जातून पाहिलं, मुलीने दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि सचिव तिच्याशेजारी उभे होते. "बाळ," ते म्हणाले, "सकाळी लवकर निघावं लागेल. मंत्री नाही, म्हणजे खलाशांचा ताबा घ्यायला तूच."

बाहेर पोर्चमध्ये मेहुणा उभा होता. "दाजी, सरकारी गाडी परत गेली."

"तुझी आहे ना?"

"आहे. पण मागच्या सीटवर ताईचे पडदे आहेत."

"मी पुढे बसतो," मंत्री म्हणाला. तो आता मंत्री नव्हता, पण मेहुण्याने दार मात्र नेहमीसारखंच धरलं.

शेवटचा प्रश्न : फाटकावर

फाटक म्हणजे नुसता लाल-पांढरा दांडा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच धूळ. अलीकडे बाई, मुलगी, तुरुंगातून आणलेला त्यांचा माणूस, त्याला घेऊन आलेले पोलीस आणि तांडेलाची बायको. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती गाडीत बसून राहिली आणि उतरली नाही, म्हणून आली. पलीकडे एक अधिकारी खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यामागे बराकीचं दार बंद होतं.

बाईंनी सांगायचं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "तो आपणहून गेला, की तुम्ही लोकांनी त्याला घालवला? घालवला असेल, तर ते तुमच्या सरकारचं नाटक झालं. एक मंत्री बळी द्यायचा आणि काम काढून घ्यायचं."

एवढ्या वर्षांत बाईंची उलटतपासणी कुणी घेतली नव्हती. 'आपणहून' एवढा एक शब्द पुरला असता. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, आणि तोच शब्द तिच्या ओठांवर दिसत होता.

"दार मी दाखवलं," बाई म्हणाल्या. "चालत तो गेला. आधी त्याने मला दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला सांगितलं होतं. मी घेतलं नाही. मग तो बराच वेळ खिडकीशी उभा होता. तिथे त्याच्या मनात काय झालं, मला माहीत नाही. भीती असेल, लाज असेल, दोन्ही असतील. माहीत नाही ते मी सांगत नाही."

"हे उत्तर तुमच्या सरकारला आवडणार नाही."

"मी त्यांना दाखवून आणलेलं नाही."

अधिकाऱ्याने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याला हसू आलं, तोंडापेक्षा डोळ्यांत जास्त. "नाटक असतं तर उत्तर ह्याहून बरं बसवलं असतं," तो म्हणाला, आणि वळून त्याने बराकीकडे हात केला.

दार उघडलं. दांडा वर गेला, त्यांचा माणूस पलीकडे चालत गेला. खलाशी एकामागून एक उन्हात आले. डोळे बारीक, हातांत पिशव्या. तांडेल सगळ्यांत शेवटी होता. सगळे पुढे गेल्याची खात्री करून मगच त्याने पाय उचलला.

त्याची बायको दांड्याखालून धावत गेली आणि त्याच्यापुढे हातभर अंतरावर थांबली. रडण्याची तयारी ती वाटभर करत आली होती.

"अहो, ही दाढी केवढी!" ती ओरडली. "असेच येणार का घरी? पोरं दार तरी उघडतील का तुम्हाला?"